पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कोणत्या सुरात उच्चारली जाते, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बदलीच्या नोकरीतला मनुष्य ती स्वतःविषयी बोलतो तेव्हा तीत थोडी तक्रार असते आणि थोडी बढाई असते. पण तीच म्हण दुसऱ्याने त्याच्याविषयी उच्चारली की तीत संशयाची छटा येते. ज्याच्या घराला ठिकाणा नाही त्याच्या शब्दालाही नसावयाचा, अशी घरंदाज माणसाची (हा शब्दच पाहा!) फार जुनी समजूत आहे. या म्हणीसाठी विंचूच का निवडला गेला, गोगलगाय का नाही, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गोगलगाईच्या पाठीवर खरोखरच घर असते. विंचवाच्या मादीच्या पाठीवर असतात ती तिची पिले. म्हण रचणाऱ्या अज्ञात गृहस्थाला, बिऱ्हाड म्हणजे भिंती नव्हेत, माणसे होत, एवढे तरी उमगलेले होते असे म्हणावयास हरकत नाही.

सरकारला मात्र ते अद्याप पुरतेपणी उमगलेले नाही. आणि हे मला कळले ते एका अगदी रुक्ष विषयामुळे, म्हणजे प्राप्तीवरील करामुळे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला इन्कमटॅक्सही कळलाच पाहिजे, ही समजूत, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला भाजीचा भाव कळलाच पाहिजे, या समजुतीइतकीच तर्कशुद्ध आहे; पण लहान गावात तिला इलाज नाही. जुलै महिना उजाडला की विवरणपत्रांचे कागद घेऊन जुने विद्यार्थी माझ्या ओसरीवर येऊन बसतात, आणि चहा होईपर्यंत मीही त्या कागदांत डोके घालतो. असाच एक प्रश्न एकाच उन्हाळ्यात मला दोन जुन्या विद्यार्थ्यांनी विचारला. एक अंबाजोगाईच्या रस्त्यावरून आला होता. दुसऱ्याने अमेरिकेतून लिहिले होते. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, आणि दोघांच्या प्राप्तीत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच: सर, मी ज्यात राहतो त्यातच काम करतो, तेव्हा यातला धंद्याचा खर्च कोणता आणि संसाराचा कोणता?

प्राप्तिकराचा कायदा ज्या कोणी रचला असेल त्याच्या डोळ्यांपुढे एक ठराविक मनुष्य होता, असे मला नेहमी वाटते. हा मनुष्य सकाळी घरून निघतो, कचेरीत किंवा दुकानात जातो, आणि दिवेलागणीला घरी परततो. घरात तो जे खातो-पितो तो त्याचा संसार. त्याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, आणि त्याचा खर्च त्याने कर भरून उरलेल्या पैशांतून भागवावयाचा. दुकानात तो जे खर्चतो तो धंद्याचा खर्च. तो उत्पन्नातून वजा होतो. घर आणि दुकान यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि वजावटीचे सारे शास्त्र या भिंतीच्या आधाराने उभे आहे. जेथे भिंतच नाही तेथे हे शास्त्र गांगरते.

आपल्या १९६१ च्या अधिनियमाने घराचे उत्पन्न म्हणजे काय हे सांगताना ‘इमारत आणि तिला लागून असलेली जमीन’ अशा अर्थाचे शब्द योजिले आहेत. (त्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा अधिनियम संमत झाला आणि त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरवला गेला. कलमांचे आकडे त्यात बदलले. मी येथे लोकांच्या तोंडी बसलेले जुनेच आकडे वापरतो.) गृहकर्जाच्या व्याजाची जी वजावट जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला, स्वतः राहत असलेल्या घरासाठी, वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत मिळते, ती या इमारतीला. ज्याला घरभाडे भत्ता मिळत नाही अशा भाडेकरूसाठी ८० जीजी नावाचे एक कलम आहे. त्याची सवलत महिन्याला फार तर ५,००० रुपये, आणि तीही कोणाला तरी भाडे दिले असेल तरच. चाके असलेली वस्तू, मग तीत अंथरूण असो, चूल असो की देव्हारा असो, कायद्याच्या नजरेला वाहन आहे. वाहनावर घसारा मिळतो. पण तोही ते धंद्यासाठी जेवढे चालले तेवढ्यापुरता. त्यात कोणी राहते याची दखल घेण्यासाठी कायद्याच्या पुस्तकात जागाच ठेवलेली नाही.

असे राहणारे लोक फार थोडे असतील, असे कोणाला वाटल्यास त्याने आमच्या रेणापुरास यावे. लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, रेणा नदीचे आणि रेणुकादेवीच्या देवळाचे हे तालुक्याचे ठिकाण. काही मोठे गाव नव्हे. पण सायंकाळी पिंपळफाट्यावर घटकाभर उभे राहिले की चाकांवरची किती बिऱ्हाडे या महाराष्ट्रात हिंडत आहेत याची कल्पना येते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. गाडीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी आणि त्या साऱ्यावर पोरे. फडावर पोचले की पाचटाची कोपी उभी राहते, आणि हंगाम संपला की ती तेथेच टाकून परतीचा रस्ता. त्यांना प्राप्तिकर नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता कर लागण्याइतके काही उरतच नाही. म्हणून या लेखात त्यांचा विषय येथेच सोडणे भाग आहे. न्यायाने पाहता तो असा सोडून देण्यासारखा नाही.

याहून मला चमत्कारिक वाटतात ती विंधनविहिरींची, लोकभाषेत बोअरची, यंत्रे. यांतली पुष्कळशी येतात ती दूर तामिळनाडूतील तिरुचेंगोडे या गावाहून. त्या गावाचा हा पिढीजात म्हणावा असा धंदाच झाला आहे. दोन लॉऱ्यांची जोडी असते. एकीवर जमीन भेदण्याचा उंच सांगाडा, दुसरीवर हवा दाबणारे यंत्र आणि नळ्यांचा ढीग. बरोबर सात-आठ माणसे, आणि त्यांची भाषा शेतकऱ्याला येत नाही, शेतकऱ्याची त्यांना येत नाही. ‘फूट’ आणि ‘पाणी’ या दोन शब्दांवर सर्व व्यवहार चालतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळात ही यंत्रे आमच्या शिवारात रात्रंदिवस घरघरत होती. पाणी लागले तर शेतकरी नारळ फोडतो. न लागले तरी फुटांचा दर चुकवावाच लागतो. काम थांबले की दोन लॉऱ्यांच्या मध्ये चूल पेटते, भाताचे मोठे पातेले चढते, लोखंडी नळ्यांवर लुंग्या वाळत पडतात. महिनेच्या महिने या माणसांचे घर म्हणजे त्या दोन लॉऱ्या आणि त्यांच्यामधली पाच-सात हात जमीन.

आता येथे एक बारकावा आहे, आणि तो ध्यानात ठेवावा अशी वाचकांना विनंती आहे. या माणसांच्या भाताचा खर्च यंत्राच्या मालकाच्या वहीत धंद्याचा खर्च म्हणून बसतो, आणि तो योग्यच बसतो. माणसे जेवल्याशिवाय जमिनीला भोक पडत नाही. तोच भात, तशाच रस्त्याच्या कडेला, एखादा मनुष्य स्वतःच्या गाडीजवळ स्वतःसाठी शिजवू लागला की तो धंद्याचा खर्च राहत नाही. तो त्याचा खाजगी संसार होतो. तांदूळ तोच, चूल तीच. फरक एवढाच की पहिल्याला मालक आहे आणि दुसरा स्वतःच मालक आहे.

माझा पहिला विद्यार्थी हा असा स्वतःच मालक. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून तो एका वाहतूकदाराच्या गाडीवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि २०१९ मध्ये कर्ज काढून त्याने स्वतःची दहाचाकी गाडी घेतली. लातूरच्या आडतीवरून सोयाबीन किंवा तूर घेऊन जावयाचे, आणि येताना जे मिळेल ते भरून आणावयाचे. वर्षातल्या तीनशेच्या आसपास रात्री तो बाहेर असतो. सीटमागच्या फळीवर त्याचे अंथरूण. टपाला टांगलेल्या जाळीत कपडे. बाजूच्या पेटीत पान्यांच्या शेजारी छोटा गॅस, तिखटमिठाचे डबे आणि पोळपाट. पाण्याची टाकी खाली साखळीने बांधलेली. आरशाच्या कडेला मुलांचा फोटो. मी एकदा ती केबिन आत चढून पाहिली. माझ्या अभ्यासिकेहून ती अधिक नीटनेटकी होती.

याच्या उत्पन्नाचा हिशेब कायदा कसा करतो ते पाहण्यासारखे आहे. १९९४ साली कायद्यात ४४ एई हे कलम आले. ज्याच्याजवळ दहाहून अधिक मालगाड्या नाहीत त्याने वह्या ठेवण्याच्या भानगडीत न पडता ठोकताळ्याने उत्पन्न दाखवावे, अशी ही सोय. लहान गाडीला महिन्याला ७,५०० रुपये. बारा टनांहून अधिक वजनाच्या गाडीला, भारासकट एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला १,००० रुपये. आमच्या या गृहस्थाची गाडी २८ टनांची. म्हणजे महिन्याला २८,००० आणि वर्षाला ३,३६,००० रुपये त्याने मिळवले, असे सरकारने गृहीत धरले. प्रत्यक्षात याहून अधिक मिळाले असतील तर ते अधिक दाखवावयाचे. डिझेल, टायर, टोल, कर्जाचे व्याज, घसारा, आणि रस्त्यावरचे जेवणखाण कोणी धंद्यात धरीत असेल तर तेही, सारे या आकड्यात आधीच वजा झाले आहे असे समजावयाचे. वेगळी वजावट मागावयाची नाही.

ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ट्रकवाल्याकडून जमाखर्चाच्या वह्यांची अपेक्षा करणे म्हणजे त्याने गाडी उभी करून कारकुनी करावी असे म्हणणे होय. पण ठोकताळा हा ठोकताळाच. गाडी चालली की उभी राहिली, हे तो विचारीत नाही. मालकी असलेला प्रत्येक महिना, महिन्याचा तुकडासुद्धा, तो धरतो. २०२० च्या टाळेबंदीत ही गाडी दोन महिने ताडपत्री पांघरून फाट्यावर उभी होती, आणि कायद्याच्या हिशेबाने त्या दोन महिन्यांत तिने ५६,००० रुपये मिळवले. प्रत्यक्षात कमी मिळाले असे म्हणावयाचे तर वह्या दाखवा आणि त्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या. लेखापरीक्षकाची फी देण्यापेक्षा न मिळालेले उत्पन्न कबूल करणे स्वस्त पडते, हा अनुभव अनेकांचा आहे.

आणखी एक गंमत. हाच मनुष्य दुसऱ्याच्या गाडीवर नोकर होता तेव्हा, निदान कागदावर, कायदा त्याच्या पोटाचा विचार करीत होता. वाहतुकीच्या धंद्यातील नोकराला गाडी एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना जो स्वतःच्या खर्चासाठी भत्ता मिळतो, त्यातील ७० टक्के रक्कम, महिन्याला १०,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, १९६२ च्या नियमांनी जुन्या पद्धतीत करमुक्त ठेवली होती. अट एवढीच की त्याला निराळा दैनिक भत्ता मिळत नसावा. रस्त्यावर राहणाऱ्याला राहण्याचा खर्च येतो, ही गोष्ट सरकारला ठाऊक आहे याचा हा लेखी पुरावा. तो मालक झाला आणि सरकार ती गोष्ट विसरले.

अमेरिकेतील विद्यार्थ्याची परिस्थिती वरवर पाहता याच्या अगदी उलट. तो आणि त्याची पत्नी या दोघांनी २०२१ साली राहती जागा सोडून दिली आणि एक मोटारघर विकत घेतले. तिकडे त्याला आद्याक्षरांनी आरव्ही म्हणतात, आणि त्यात कायमचे राहणे ही एक मान्य जीवनपद्धती आहे. हिवाळ्यात ॲरिझोनाचे वाळवंट, उन्हाळ्यात कोलोरॅडोचे डोंगर. तो निरनिराळ्या गिऱ्हाइकांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो. ती चित्रे काढते. दोघांचे एकच टेबल. त्यावर सकाळी पोहे, दुपारी आज्ञावली, रात्री वरणभात. त्याचे पत्र आले तेव्हा मला वाटले होते की ज्या देशात चाकांवरच्या घरांचा एवढा परिपाठ आहे तेथील कायद्याने हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकला असेल.

कायद्याने प्रश्न सोडवला आहे खरा; पण माकडाने दोन मांजरांतला लोण्याचा वाद सोडवावा तसा. तेथील कायदा घराची व्याख्या विटांनी करीत नाही, हे त्याला भूषणावह आहे. कर्जाच्या व्याजाची वजावट देताना तो तीनच गोष्टी पाहतो: निजण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचकूप. या तीन गोष्टी जेथे आहेत ते घर, मग ते जमिनीवर असो, पाण्यावर असो की चाकांवर असो. (आमच्या ट्रकवाल्याजवळ यांतल्या दोन आहेत.) हे वाचून मला फार आनंद झाला, पण पुढे वाचू लागलो तसा तो ओसरला. कारण एकदा ते घर ठरले की घरातल्या धंद्याचे कडक नियम त्याला लागू होतात. घराच्या ज्या भागाचा उपयोग नेहमी आणि केवळ धंद्यासाठीच होतो, तेवढ्यापुरतीच वजावट. ज्या टेबलावर पोहे झाले ते टेबल बाद! २०१४ साली तेथील करन्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एक जोडपे मोटारघरांच्या मेळाव्यांना आपले मोटारघर घेऊन जाई आणि तेथे जमलेल्या लोकांना विम्याच्या पॉलिसी विकी. गिऱ्हाईक येऊन बसे ते त्यांच्या त्या गाडीतच. धंदा खरा आहे, हे न्यायालयाने अमान्य केले नाही. पण गाडीत निजण्याची आणि रांधण्याची सोय आहे, तेव्हा ती राहण्याची जागा झाली, आणि स्वतःच्या राहण्यासाठी तिचा वापर मर्यादेबाहेर झाला, म्हणून त्या गाडीवरच्या मोठाल्या वजावटी नाकारण्यात आल्या. आपल्याकडे धंदा घराला गिळतो. तेथे घराने धंद्याला गिळले.

प्रवासखर्चाचे तर याहून विचित्र. कामासाठी घरापासून दूर रात्र काढावी लागली तर त्या रात्रीचा आणि जेवणाचा खर्च तिकडे वजा होतो. पण ‘घर’ याचा कायद्यातला अर्थ निराळा आहे. त्याला करापुरते घर म्हणावे लागेल. नेहमीचे काम जेथे ते करापुरते घर. तसे ठिकाण नसेल तर नेहमीची वस्ती जेथे ते. आणि ज्याला यांतले एकही नाही तो भटक्या. भटक्याचे घर जेथे तो काम करील तेथे. आणि ज्याचे घर त्याच्याबरोबरच हिंडते तो घरापासून दूर कधी जाणारच नाही, म्हणून त्याला प्रवासखर्च नाही. हा युक्तिवाद तर्काला इतका निर्दोष आहे की तो आपल्या नव्यन्यायाच्या पंडितांना ऐकवावा. याचा एक परिणाम असा, की स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या ज्या अमेरिकन माणसाचे कोठे तरी घर आहे त्याला रस्त्यावरच्या जेवणाच्या खर्चापैकी ८० टक्के वजा करता येतो. आणि ज्याने पैसे वाचवण्यासाठी घर सोडून ट्रकमध्येच राहावयाचे ठरवले त्याला काहीच नाही. दोघे एकाच थांब्यावर एकाच टेबलाशी जेवत असतील.

म्हणून मग तिकडचे हे भटके लोक पत्ता विकत घेतात. टेक्सास, फ्लॉरिडा, दक्षिण डकोटा अशा ज्या राज्यांत व्यक्तीवर राज्याचा प्राप्तिकर नाही, तेथे टपाल गोळा करून पुढे धाडणाऱ्या पेढ्या आहेत. त्यांचा पत्ता तो यांचा पत्ता. माझ्या विद्यार्थ्याचे अधिकृत वसतिस्थान अशाच एका खणात आहे, आणि ते त्याने फार तर दोनदा पाहिले असेल. आमचा ट्रकवाला आपल्या वडिलांच्या घराचा पत्ता देतो. पत्ता हवाच, त्याशिवाय सरकारला मनुष्य दिसत नाही.

राज्यसत्तेला असा मनुष्य कधीच दिसला नाही असे मात्र नाही. बंजारा समाजात एका ताम्रपटाची दंतकथा आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी ती टिपून ठेवली. शहाजहानच्या काळी, म्हणजे १६३० च्या सुमारास, मोगलांची फौज दक्षिणेत उतरली तेव्हा तिला धान्य पुरवीत होते ते बंजाऱ्यांचे तांडे. भंगी आणि जंगी हे त्यांचे नाईक. त्यांच्या बैलांची संख्या लोककथेला शोभेल अशीच सांगतात. या नाइकांना आसफखान या सरदाराने ताम्रपटावर सनद दिली: वाटेत रांजणातले पाणी घ्यावे, छपरावरचे गवत बैलांना घालावे, आणि दिवसाला तीन खून माफ, मात्र सरदाराचे घोडे जेथे जातील तेथे यांचे बैल पोचले पाहिजेत. तिसरे कलम आजच्या कोणत्याही अर्थमंत्र्यास मानवणार नाही, हे उघड आहे. पण पहिली दोन पाहा. तांड्याचे घर म्हणजे तांडा. त्यांचा धंदा म्हणजेही तांडा. त्यांना वाटेत लागते काय? माणसांना पाणी आणि बैलांना चारा. तेवढे सनदेने दिले. त्यांची मिळकत किती, खाजगी किती, धंद्याची किती, हा प्रश्न सनद विचारीत नाही. बैल पोचले की हिशेब मिटला.

दंतकथेचा पुरावा इतिहासात चालत नाही, हे मी जाणतो. आणि ते पाणी व ते गवत सनदेने दिले तरी ते होते कोणा गरीब कुणब्याच्या रांजणातले आणि छपरावरचे, हेही विसरून चालणार नाही. सरदाराच्या पदरचे काही गेले नाही. पुढे आगगाडी आली, बैलांवरचा धान्याचा व्यापार बसला, आणि ज्यांचे फिरणे हीच ज्यांची सेवा होती त्यांचे फिरणे हाच गुन्हा ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यापासून देशातील कितीतरी फिरत्या जमातींच्या गळ्यात हजेरीचा फास पडला तो १९५२ साली सुटला. म्हणीतला विंचू मला येथे पुन्हा आठवतो.

असो. करमाफीची सनद मागण्याचा माझा विचार नाही. मागणी लहान आहे. रस्त्यावर रात्र काढण्याचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, हे नोकराच्या बाबतीत कायद्याने मानले होते. ते मालक-ड्रायव्हरच्या बाबतीतही मानावे, आणि बाहेर काढलेल्या रात्रींमागे ठोक रक्कम ठोकताळ्याच्या उत्पन्नातून वजा करू द्यावी. रात्री मोजणे आता अवघड राहिलेले नाही. टोलनाक्यावरचा फास्टॅग गाडी कोठे होती ते मिनिटासह सांगतो. जो फास्टॅग पैसे घेताना प्रमाण मानला जातो तो सवलत देताना अप्रमाण का व्हावा?

यावर माझ्या एका लेखापरीक्षक मित्राने हसून जे उत्तर दिले ते येथे नमूद केले पाहिजे. तो म्हणाला, “प्रोफेसर, तुम्ही ज्याची वकिली करता त्याला करच नाही.” आणि ते खरे आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर आणला. ३,३६,००० रुपयांवर वजावट मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच. पण विवरणपत्र हल्ली केवळ कर भरण्यासाठी भरत नाहीत. माझा विद्यार्थी माझ्याकडे आला तो कर वाचवण्यासाठी आलाच नव्हता. त्याच्या हातात बँकेचा कागद होता. त्याला रेणापुरात घर बांधावयाचे आहे, आणि बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली आहेत. त्या विवरणपत्रांत त्याची कमाई म्हणून तो ठोकताळा आहे; बँक त्यालाच खरी कमाई समजून त्यातून घरखर्च वजा करते, आणि गाडीवरचा तीनशे रात्रींचा खर्च कोठे दाखवावा याला तिच्या कागदात रकाना नाही. बँकेला वाटते, हा मनुष्य घरी जेवतो.

“सर, घर बांधायलोय खरं,” तो म्हणाला, “पण त्यात झोपणार कोण? मी तर वर्षाला दोन महिनेबी घरी नसतो.” घर बायकोसाठी आणि मुलांच्या शाळेसाठी हवे, वडिलांच्या दोन खोल्यांत आता तीन भावांचे संसार आहेत. ज्या फळीवर तो निजतो तिचे कर्ज ठोकताळ्यात विरून गेले. ज्या खोलीत तो निजणार नाही तिच्या कर्जाच्या व्याजाला मात्र कायद्यात स्वतंत्र कलम आहे, आणि जुनी पद्धत घेतली तर त्याचा उपयोगही होऊ शकेल. फक्त तेवढ्यासाठी जुनी पद्धत घेणे त्याला परवडणारे नाही. हे त्याला समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला. ऐकून तो म्हणाला, “म्हंजे जिथं माणूस नाही तिथं सूट.” मी यापेक्षा नेमके सांगू शकलो नसतो.

अमेरिकेच्या पत्राला मी उत्तर लिहिले. संगणकाचा आणि दळणवळणाचा खर्च धंद्याच्या बाजूला नि:शंकपणे दाखवावा. टेबलाचा नाद सोडावा. कर्जाच्या व्याजाची वजावट कायद्याने मिळते खरी, पण तेथील सरसकट वजावटच २०१८ पासून इतकी वाढली आहे की निरनिराळे खर्च वेगळे मांडणे बहुतेकांना फायद्याचे राहिलेले नाही. आणि शेवटी, रेणापूरच्या मास्तराऐवजी तिकडच्या जाणकाराला विचारावे. त्याचे आभाराचे पत्र आले. पत्नीसाठी त्याने निराळे लहान टेबल बसवून घेतले आहे, आणि त्यावर केवळ चित्रेच काढावयाची, पोहे खावयाचे नाहीत, असा घरात ठराव झाला आहे.

ट्रकवाल्याचे विवरणपत्र आम्ही मुदतीच्या आत भरले. त्याच्यासारख्यांसाठी असलेल्या नमुन्याला सरकारने ‘सुगम’ असे नाव दिले आहे. त्यात पत्ता वडिलांचाच घातला. घरासाठी त्याने फाट्यापासून जवळची, रस्त्यालगतची जागा पाहिली आहे. दहाचाकी गाडी अंगणात उभी राहील एवढी मोकळी जागा पुढे सोडावयाची, ही त्याची एकच अट. घर झाले तरी पहिले काही दिवस यांना गाडीतच झोप लागेल, असे त्याची बायको म्हणते. बँकेचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.